बंदुकीचे चिन्हरहित भाग व त्यांची निर्मातानिश्चिती

बंदूक वा रायफल यांच्या ज्या सुट्या भागांवर निर्मात्याचे नाव, क्रमांक, वर्ष किंवा तपासणीचा शिक्का आढळत नाही, त्यांना चिन्हरहित भाग म्हणतात. असा भाग कोणत्या कारखान्यात घडला, हे त्याची घडण, मापे, धातू आणि त्यावर उमटलेल्या हत्यारांच्या खुणा यांवरून ठरविणे म्हणजे निर्मातानिश्चिती होय. शस्त्रेतिहास, संग्रहालयशास्त्र व गुन्ह्यांचे अन्वेषण या तिन्ही क्षेत्रांत तिची गरज पडते. या कामात तीन प्रश्नांची गल्लत नेहमी होते. हा भाग कोणत्या जातीच्या शस्त्राचा आहे, तो कोणी घडविला आणि तो वापरणाऱ्याच्या हाती कोणी पोहोचविला, हे ते तीन प्रश्न. पहिल्याचे उत्तर जाणकाराला पुष्कळदा पाहताक्षणीच देता येते. दुसऱ्यासाठी तुलनेचे नमुने व जुन्या नोंदी लागतात. तिसऱ्याचे उत्तर मात्र भागाच्या अंगावर सहसा नसतेच; ते अन्यत्र शोधावे लागते. अठराव्या शतकातील शिंद्यांच्या पलटणींपासून १९९३ च्या मुंबई बाँबस्फोट खटल्यापर्यंत मराठी प्रदेशाच्या इतिहासात हे तिन्ही प्रश्न वेळोवेळी उपस्थित झाले आहेत.

शस्त्रावरील चिन्ह हे मूलतः हिशोबाचे साधन आहे. यूरोपातील सरकारी शस्त्रागारांत प्रत्येक भाग मापाला लावून पाहिल्यावर तपासनीस त्यावर आपला शिक्का मारी. त्या शिक्क्यावर कारागिराचे पैसे चुकते होत आणि पुढे भाग मोडल्यास जबाबदारी ठरविता येई. त्यामुळे चिन्ह नसण्याची कारणेही या हिशोबाशी निगडित असतात. भाग अशी तपासणी नसलेल्या परंपरेतील असेल, तो इतका लहान असेल की त्यावर शिक्का बसत नाही, घाईच्या काळात शिक्का मारणे सोडून दिले गेले असेल, दुरुस्तीत तो मागाहून बसविला असेल, किंवा चिन्ह हेतुपुरस्सर खोडले असेल. यांपैकी कोणते कारण लागू पडते हे आधी ठरविल्याखेरीज पुढील शोध व्यर्थ ठरतो.

भारतीय तोड्याच्या बंदुकीवर निर्मात्याचे नाव क्वचितच आढळते. नळी लोहाराने घडवावी, दस्ता सुताराने करावा, कोफ्तगारी आणखी एखाद्याने, अशी कामाची वाटणी असल्याने ‘निर्माता’ या शब्दालाच तेथे फारसा अर्थ उरत नाही. जे कोरलेले असते ते बहुधा मालकाच्या शस्त्रागाराचे असते. बिकानेरच्या शस्त्रागारातील अनेक हत्यारांवर ठिपक्यांनी कोरलेले देवनागरी लेख आढळतात. १६८९ मध्ये अदोनीच्या लढाईत ती हाती लागली, असे त्यांवर नमूद आहे. हत्यारे दख्खनची, लेख राजस्थानचा. असा लेख केवळ तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. उलटपक्षी, निर्मात्याचे म्हणून दिसणारे चिन्हही फसवे असू शकते. फिरंगी तलवारींच्या पात्यांवरील विळ्याच्या आकाराची जेनोआची खूण इतकी प्रतिष्ठित होती की, ती यूरोपातील इतर केंद्रांनी आणि भारतीय कारागिरांनीही सर्रास उचलली. महाराष्ट्रातील संग्रहांत अशी पाती पाहताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

महादजी शिंदे यांनी बेन्वा द बॉइन्य या साव्होयच्या सेनानीकडून यूरोपीय पद्धतीच्या पलटणी उभारून घेतल्या. त्यांच्यासाठी आग्रा येथे तोफा ओतण्याचा व बंदुका करण्याचा कारखाना सँगस्टर या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली चाले. तेथील चकमकीच्या बंदुकीला सुमारे दहा रुपये खर्च येई, अशी नोंद आढळते. या कारखान्याची एखादी ठाम व सर्वमान्य खूण आज सांगता येत नाही. म्हणून शिंद्यांच्या पलटणींची म्हणून दाखविली जाणारी प्रत्येक बंदूक वेगळी तपासावी लागते. तिचे तीन उगम संभवतात : ईस्ट इंडिया कंपनीचा माल, फ्रेंच माल किंवा आग्र्याची घडण. इंग्रजी व फ्रेंच घडणींतील भेद मात्र चिन्हांवाचूनही कळतात. इंग्रजी बंदुकीची नळी दस्त्यात आडव्या खिळ्यांनी बसविलेली असते, फ्रेंच बंदुकीची धातूच्या पट्ट्यांनी आवळलेली असते. इंग्रजी नळीचा व्यास सुमारे १९ मिमी., तर फ्रेंच नळीचा सुमारे १७·५ मिमी. भरतो. कंपनीच्या चापयंत्रावर १८०८ च्या सुमारापर्यंत हृदयाच्या आकाराची व्यापारी खूण व त्यानंतर मागील पायांवर उभा असलेला सिंह कोरीत. तेव्हा सिंहाचे चिन्ह असलेले चापयंत्र १८०३ च्या असईच्या लढाईत असणे शक्य नाही. अर्थात एवढ्यावरून सबंध बंदूक नंतरची ठरत नाही, कारण जुन्या नळीला नवे चापयंत्र बसविणे ही नित्याची बाब होती. ऑक्टोबर १८०३ मध्ये लेकने आग्र्याचा किल्ला घेतला आणि तेथील साहित्य कंपनीच्या ताब्यात गेले. साहजिकच यानंतर दोन्ही बाजूंचे भाग एकमेकांत मिसळण्यास वाव मिळाला.

अशा प्रसंगी सर्वांत लहान भाग सर्वांत उपयोगी पडतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मळसूत्री खिळ्यांचे आटे प्रत्येक कारखाना आपापल्या साच्यावर पाडीत असे. एकाच्या चापयंत्रातील मळसूत्र दुसऱ्याच्या छिद्रात बसत नसे. म्हणून नळी व चापयंत्र यांची जुळणी मूळची आहे की मागाहूनची, हे ठरविताना कोऱ्या दिसणाऱ्या मळसूत्राचे आटे मोजणे हे सुंदर नक्षीकामाच्या अभ्यासापेक्षा अधिक फलदायी ठरते.

इंग्लंडमधील एनफील्ड येथील सरकारी कारखान्यात १८५० नंतरच्या दशकात अमेरिकन यंत्रे आणून परस्परविनिमेय भागांची पद्धत सुरू करण्यात आली. ज्या एनफील्ड रायफलीच्या काडतुसांचे निमित्त १८५७ च्या उठावाला झाले, ती रायफल दोन वेगळ्या पद्धतींनी तयार होत असे. बर्मिंगहॅम व लंडन येथील कंत्राटदार ती हाताने कानशीने घासून जुळवीत, तर एनफील्डला ती यंत्रावर होई. नमुना एकच असला, तरी कंत्राटी भाग एनफील्डच्या रायफलीला बसतीलच असा भरवसा नव्हता. चिन्ह पुसट झालेला भागही यावरून ओळखता येतो : हाताने घडविलेल्या भागाच्या आतल्या बाजूस कानशीचे आडवेतिडवे ओरखडे आणि जोडीचा भाग ओळखण्यासाठी केलेले छोटे छेद दिसतात, यंत्रावरील भागावर कापणाऱ्या चक्राच्या समांतर, समान अंतरावरील रेषा उमटलेल्या असतात. निर्मातानिश्चितीच्या शास्त्राचा पाया खऱ्या अर्थाने येथे घातला गेला. हाताचे काम माणसागणिक बदलते. यंत्राचे काम यंत्रागणिक बदलते आणि यंत्रांची मोजदाद ठेवता येते.

०·३०३ इंच व्यासाची ली-एनफील्ड ही या विषयातील सर्वाधिक अभ्यासलेली रायफल होय. भारतीय सैन्याने ती दोन महायुद्धांत वापरली व नंतरही अनेक दशके ती पोलिसांकडे राहिली. शांततेच्या काळात तिच्या बारीकसारीक भागांवरही आद्याक्षरे आणि तपासनिसाचा मुकुटयुक्त शिक्का असे. एनफील्डसाठी ‘ई’ आणि बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स कंपनीसाठी ‘बी’ अशी ही इंग्रजी अक्षरे होती. पहिल्या महायुद्धात गरज इतकी वाढली की, ज्यांनी यापूर्वी कधी शस्त्र केले नव्हते अशा लहान कारखान्यांना एकेक भाग वाटून देण्यात आला व जुळणी दुसरीकडे होऊ लागली. या योजनेतील रायफलींवर स्टँडर्ड स्मॉल आर्म्स कंपनी किंवा पुढे राष्ट्रीय रायफल कारखाना यांची आद्याक्षरे आढळतात, पण ती प्रामुख्याने मुख्य सांगाड्याच्या निर्मात्याची असतात. आतील एखादी कमान वा खटका कोणाचा, हे त्यांवरून कळत नाही.

दुसऱ्या महायुद्धात चिन्ह लपविणे हेच धोरण बनले. बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथ भागातील बी.एस.ए.च्या कारखान्यावर नोव्हेंबर १९४० मध्ये जर्मन विमानांनी बाँब टाकले व अनेक कामगार ठार झाले. शत्रूच्या हाती पडलेल्या शस्त्रावरून कारखान्याचा ठाव लागू नये म्हणून ब्रिटनमध्ये नावांऐवजी सांकेतिक क्रमांक वापरण्यात येत. उत्तर विभागासाठी ‘एन’, मध्य विभागासाठी ‘एम’ व दक्षिण विभागासाठी ‘एस’ या अक्षरापुढे आकडा घातला जाई. ‘एम ४७ सी’ म्हणजे बी.एस.ए.चा शर्ली येथील कारखाना. ‘एन ६७’ म्हणजे क्लाइडबँक येथील शिवणयंत्रे करणारी सिंगर कंपनी, जिने रायफलीच्या टोकाला लावावयाच्या संगिनी केल्या. ऑस्ट्रेलियात टेनिसच्या रॅकेटींसाठी ख्यातनाम असलेल्या स्लेझेंजर कंपनीने लिथगो येथील रायफलींचे लाकडी भाग पुरविले. वरवर विजोड वाटणारी ही निवड खरे तर अचूक होती, कारण लाकूड वाळविणे व वळण धरणे हा तिचा नित्याचाच व्यवसाय होता. लाकूड हे स्वतःच एक चिन्ह आहे. ब्रिटिश दस्ते अक्रोडाचे व युद्धकाळात बीचचे असत; लिथगोने प्रथम क्वीन्सलँड मेपल आणि नंतर कोचवूड वापरले. दस्त्याचा एवढासा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तरी त्याचे खंड सांगता येते.

भारतात ली-एनफील्डचे उत्पादन बंगालमधील ईशापूर येथील रायफल कारखान्यात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुरू झाले. १९४७ पूर्वीच्या रायफलींवर मुकुट व ‘जी.आर.आय.’ ही राजाची आद्याक्षरे, तर प्रजासत्ताकाच्या स्थापनेनंतर अशोकस्तंभावरील सिंह व ‘आर.एफ.आय.’ ही कारखान्याची आद्याक्षरे दिसतात. दस्त्याला तडा जाऊ नये म्हणून त्याच्या पुढील भागात घातलेले आडवे मळसूत्र ही ईशापूरची ओळखीची खूण असून शिक्के झिजले तरी ती राहते. मात्र अशा मळसूत्रावरून फक्त दस्ता ईशापूरला तयार वा दुरुस्त झाला एवढेच सिद्ध होते. पुन्हा पुन्हा दुरुस्त झालेल्या रायफलीत नळी एका देशाची, बोल्ट दुसऱ्याचा आणि कमान कोणाचीच नाही, असा संसार सहज जमतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पोलिसांच्या हाती ०·३०३ च्याच रायफली होत्या, यावरून या शस्त्राचे दीर्घायुष्य ध्यानात येईल.

काडतुसाच्या बाबतीतही अशीच गल्लत होते. पुण्याजवळील खडकी येथे १८६९ मध्ये स्थापन झालेल्या दारूगोळा कारखान्याची ‘के.एफ.’ ही अक्षरे पितळी टोपणाच्या बुडाशी उमटलेली असतात. ती काडतुसाचा निर्माता सांगतात. ते काडतूस ज्या रायफलीतून उडाले तिच्याविषयी ती मौन पाळतात. रायफलीविषयी माहिती मिळते ती टोपणावर उमटलेल्या आघातकाच्या, बोल्टच्या तोंडाच्या व काढणीच्या ओरखड्यांवरून आणि गोळीवर उमटलेल्या नळीतील खाचांच्या ठशावरून. खाचांची संख्या आणि वळण यांवरून जात ठरते. ली-एनफील्डच्या नळीत सामान्यतः डावीकडे वळणाऱ्या पाच खाचा असतात, पण युद्धकाळात वेळ वाचविण्यासाठी दोनच खाचांच्या नळ्याही करण्यात आल्या. तेव्हा अशी गोळी शस्त्राचा काळही सुचविते. विशिष्ट एक शस्त्र ठरविण्यासाठी दोन गोळ्या तुलनादर्शी सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवतात. ही पद्धत अमेरिकेत १९२० नंतर रूढ झाली. महाराष्ट्रात हे काम राज्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांमार्फत चालते.

खोडलेले चिन्ह परत दिसू शकते, याचे कारण धातूच्या रचनेत आहे. शिक्का मारताना केवळ वरचा पृष्ठभाग दबत नाही. खालील स्फटिकरचनाही दाबली जाते. वरचा थर घासून काढला तरी दबलेला धातू आम्लाला निराळा प्रतिसाद देतो आणि अक्षरांची आकृती काही काळ उमटते. घासणे या थराच्याही खाली गेले असेल तर उपाय चालत नाही. मुळातच शिक्का नसलेल्या भागाला मात्र ही क्रिया निरुपयोगी असते, आणि या दोन अवस्थांतील फरक सांगणे हेच तज्ज्ञाचे पहिले काम होय.

कायद्याने या फरकाला मोठे महत्त्व दिले आहे. १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आलेल्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या आठव्या कलमानुसार अग्निशस्त्रावरील नाव, क्रमांक वा ओळखचिन्ह खोडणे, बदलणे वा बनावट करणे यांस मनाई असून चिन्ह नसलेले अग्निशस्त्र विकता वा हस्तांतरित करता येत नाही. खोडलेले शस्त्र ज्याच्याजवळ सापडेल त्यानेच ते खोडले असे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरले जाते. शस्त्रांच्या व्याख्येत त्यांचे भागही अंतर्भूत आहेत. घराण्यांतील जुन्या, निकामी व पुरातन मोलाच्या हत्यारांना अधिनियमाने सूट दिली आहे. वाड्यांच्या भिंतींवरील तोड्याच्या बंदुका त्यामुळेच राहिल्या आहेत.

वायव्य सरहद्दीवरील दर्रा आदम खेल येथील कारागिरांनी ली-एनफील्डच्या ज्या प्रतिकृती केल्या, त्यांवर चिन्हे पुष्कळ असतात, पण ती बोलकी असतात. उलटे कोरलेले इंग्रजी ‘एन’ अक्षर, शुद्धलेखनाच्या चुका, किंवा व्हिक्टोरिया राणीच्या आद्याक्षरांखाली तिच्या मृत्यूनंतरचे वर्ष, अशा खुणांवरून त्या तात्काळ उघड्या पडतात. याहून कितीतरी कठीण प्रसंग म्हणजे खरी यंत्रेच दुसऱ्या देशात जाणे. पाकिस्तानने १९५० नंतरच्या दशकात इंग्लंडमधील फझाकर्ली येथील कारखान्याची यंत्रसामग्री घेऊन वाह येथे ली-एनफील्डचा चौथा नमुना तयार केला. यंत्रांच्या खुणा यंत्रांबरोबरच प्रवास करतात. अशा वेळी चिन्हरहित भागावरून यंत्र ओळखता येईल, पण ते कोणत्या छपराखाली चालत होते हे ठरविता येईलच असे नाही. भारतातही ७·६२ मिमी.च्या स्वयंभरण रायफलीची आखणी करताना बेल्जियन मूळ नमुना व त्यावरून ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाने इंची मापांत केलेले नमुने अभ्यासले गेले. परिणामी भारतीय भागांची मापे दोहोंशी सर्वस्वी जुळत नाहीत, आणि शिक्क्यावाचूनही ते वेगळे काढता येतात.

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, दिघी येथे ९ जानेवारी १९९३ रोजी व श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडी येथे त्याच वर्षी ३ व ७ फेब्रुवारी रोजी, शस्त्रे व स्फोटके उतरविण्यात आली. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत झालेल्या स्फोटमालिकेत २५७ जण मृत्युमुखी पडले. वरळी येथे सोडून दिलेल्या एका मारुती गाडीत सात एके-५६ रायफली व हातबाँब सापडले. माहीमची कोळी वस्ती आणि सहार विमानतळ येथेही हातबाँब फेकले गेले होते. या हातबाँबांवर ‘आर्जेस’ हे ऑस्ट्रियन नाव होते. केवळ नावावर विसंबले असते तर शोध ऑस्ट्रियातच थांबला असता. ऑस्ट्रियातून मिळालेल्या माहितीनुसार मात्र ऑस्ट्रियन कंपनीने पुरविलेल्या यंत्रसामग्री व तंत्राच्या आधारे ते पाकिस्तानातील शस्त्रनिर्माण कारखान्यात तयार झाले होते. वाहच्या रायफलींचीच ही पुनरावृत्ती होय.

एके-५६ ही सोव्हिएट एके-४७ ची चिनी आवृत्ती असून तिच्या सांगाड्यावर बहुधा त्रिकोणात ६६ हा कारखान्याचा क्रमांक असतो. आतील कमान, सळई यांसारख्या भागांवर बहुधा काहीच नसते, आणि अनेक देशांत एकाच आराखड्यावर त्या रायफली झाल्याने त्यांच्या मापांवरूनही निर्माता ठरत नाही. याच खटल्यात चित्रपट अभिनेता संजय दत्त यांच्याकडील एके-५६ नष्ट करण्यात आल्याचे तपासात निष्पन्न झाले. तिचा अवशेष म्हणून हाती आली ती एक कमान व एक सळई. येथे न्यायालयाला निर्मात्याचे नाव नको होते. ते भाग त्या जातीच्या रायफलीचे आहेत एवढेच पुरेसे होते. अन्य पुराव्यांसह त्यांचा विचार होऊन दत्त यांना शस्त्र अधिनियमाखाली दोषी ठरविण्यात आले. २००७ मध्ये सुनावलेली सहा वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०१३ रोजी पाच वर्षांवर आणली.

रायफली चिनी घडणीच्या होत्या यावरून त्या चीनने पाठविल्या असा निष्कर्ष कोणीही काढला नाही, व तो योग्यही ठरला नसता. १९८० नंतरच्या दशकात चिनी एके-५६ फार मोठ्या संख्येने पाकिस्तानमार्गे अफगाण युद्धात गेल्या होत्या, आणि तेथून त्या अनेक वाटांनी पसरल्या. शेखाडीच्या किनाऱ्यावर त्या कोणी आणल्या, कोणी उतरवून घेतल्या आणि कोणत्या रस्त्याने मुंबईला नेल्या, याची उत्तरे धातूच्या परीक्षणातून मिळाली नाहीत. ती साक्षीदारांच्या जबान्या, आरोपींचे कबुलीजबाब आणि प्रवासाच्या नोंदी यांतून मिळाली. त्याच पुराव्यावरून सीमाशुल्क व पोलीस या खात्यांतील काही अधिकाऱ्यांनाही शिक्षा झाल्या.